"४०० इन १" हँडहेल्ड गेम: पोरांना जुने गेम दाखवायला हा डबा घेऊ नका

सरळ सांगतो, तो जो ऑनलाइन मिळतो, फूटपाथवर पण मिळतो, गेमबॉयसारखा दिसणारा छोटा डबा, वर मोठ्या अक्षरात "४०० इन १" लिहिलेलं, किंमत पाचशे ते आठशेच्या मधे कुठेतरी, तो घेऊ नका. आणि "आम्ही लहानपणी काय खेळायचो ते पोरांना दाखवू" म्हणून घेणार असाल तर अजिबातच नको. मी भाच्यासाठी घेतला. दहा वर्षांचा आहे, मोबाईलवर फ्री फायर खेळणाऱ्या पोरांमधे वाढलेला, तरी बिचारा उत्साहाने बसला, आधी मारिओ लावला मग कॉन्ट्रा, आणि थोड्या वेळाने डबा बाजूला ठेवून म्हणाला, "मामा, तुमच्या वेळचे गेम असेच होते का रे? बटण दाबलं तरी उडीच मारत नाही." मला हे फार लागलं. कारण मारिओ उडी मारतो! १९८५ पासून मारतोय आणि त्या गेमचं सगळं काय आहे ते त्या उडीतच आहे.

म्हणजे बघा, मारिओत ए बटण किती वेळ दाबून धरलं त्यावर उडी किती उंच जाणार ते ठरतं, बी दाबून पळत असाल तर अजून उंच आणि लांब जाते, हवेत असताना पण त्याला थोडं मागेपुढे वळवता येतं. अंगठ्याचं टोक बी वर आणि अंगठा आडवा करून त्याच्याच खालच्या भागाने ए, असं आपण सगळे खेळायचो, कोणी शिकवलं नव्हतं, हाताला आपोआप कळायचं. या डब्यात बटणं इतकी कडक आणि खोल बसवलीयेत की बी धरून ए दाबायला गेलं की बी सुटतो, किंवा ए लागतच नाही. आणि डावीकडचं जे अधिक चिन्ह, ते आख्खं हलतं, उजवीकडे दाबलं की मधेच खाली पण दाबलं जातं. मारिओत एक वेळ चालून जाईल, कॉन्ट्रात नाही चालत, कारण कॉन्ट्रात खाली म्हणजे झोपणं, खाली आणि ए म्हणजे खालच्या पायरीवर उडी, तिरकं दाबलं तर तिरकी गोळी. तुम्ही पळताय, समोरून माणूस येतोय, आणि तुमचा गडी मधेच आडवा होतो. पहिल्या स्टेजच्या पुलावरच जीव गेला भाच्याचा, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती.

कॉन्ट्राबद्दल मी जरा जास्त बोलणार, चालवून घ्या. घरच्या मशीनवरचा कॉन्ट्रा १९८८ चा, कोनामीचा. एकदा मरायला एक गोळी पुरते, जवळची गन पण जाते, तरी तो गेम अन्यायी वाटत नाही, कारण प्रत्येक गोळी दिसते, तिला चुकवायला वेळ मिळतो आणि तुम्ही मेलात तर का मेलात ते कळतं. हा विश्वास आहे त्या गेममधे. तिसरी स्टेज, धबधब्याची, तिथे दोघं खेळत असतील तर वरचा घाई करायला लागला की स्क्रीन वर सरकते आणि खालचा मरतो, म्हणजे दोन भावांना एकमेकांसाठी थांबायला शिकवणारा गेम आहे तो. वर-वर-खाली-खाली करून तीस लाइफ घ्यायचा कोड आख्ख्या गल्लीला पाठ असायचा, का, तर शेवटपर्यंत जायचंच होतं सगळ्यांना. आता या डब्यात काय होतं, गोळी दिसत नाही. तीन इंची स्क्रीन, मूळ चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं, ते नीट बसवायचं सोडून कसंतरी कोंबलंय, त्यामुळे एकेक ओळ मधेच गायब होते, बारीक पांढरी गोळी जंगलाच्या मागच्या रंगात विरघळून जाते. बटण ऐकत नाही आणि गोळी दिसत नाही, मग राहिलं काय? पोराला वाटणारच की जुने गेम उगाच अवघड होते.

आवाजाचं पण सांगतो कारण बऱ्याच जणांना वाटतं की "आपल्याला तसं आठवत असेल". मूळ फॅमिकॉमच्या (निन्टेन्डोचं जपानी गेम मशीन, हे सगळे गेम त्यावरचे) चिपमधे जे दोन मुख्य सूर असतात त्यांचा पोत ठरवायची एक सेटिंग असते, आणि कितीतरी क्लोन म्हणजे नकली चिपमधे त्यातल्या दोन सेटिंग उलट्यासुलट्या झालेल्या आहेत, म्हणून चाल तीच पण आवाज एकदम भोंग्यासारखा किंवा नाकातून आल्यासारखा वाटतो. त्यातून या डब्याचा स्पीकर म्हणजे कर्कश नुसता, आणि आवाज कमी केला की एका ठिकाणी एकदम बंदच होतो.

एक गोष्ट मात्र डब्याची बाजू घेऊन सांगायला पाहिजे. मला सगळं फार घाईत चाललंय असं वाटत होतं, मारिओचं संगीत पण पळतंय असं. तो दोष नाहीये. आपल्याकडचे टीव्ही पॅल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा चित्र, जपान अमेरिकेत ६०. आपल्यापैकी बहुतेकांनी खरा फॅमिकॉम बघितलेलाच नाही, क्लोनवर खेळलो, आणि पॅल टीव्हीसाठी केलेले क्लोन ५० च्या हिशोबाने चालायचे, म्हणजे तोच गेम साधारण सहाव्या हिश्श्याने सावकाश. जपानमधल्या पोरांनी जो मारिओ खेळला तो आपल्यापेक्षा वेगात होता, आणि हा डबा त्याच वेगाने चालतो! हे कळल्यावर मला खूप बरं वाटलं, कारण दोन्ही खरे आहेत.

आता ते ४००. लहानपणीच्या पिवळ्या कॅसेटवर ९९९९९९ इन १ लिहिलेलं असायचं आणि आत मोजून थोडे गेम, बाकी तेच गेम वेगळ्या स्टेजपासून किंवा वेगळ्या नावाने, हे आपल्याला माहितीच आहे. इथे तसं सरळ रिपीट कमी आहे पण दुसरा प्रकार आहे, कुठल्यातरी साध्या गेममधलं चित्र बदलून नवीन नाव दिलेलं, मधेच पोकेमॉनसारखं काहीतरी तोंड चिकटवलेलं, बटण तेच, स्टेज तीच. टँकचा गेम तर विचारूच नका. मूळ गेम बॅटल सिटी, नामकोचा, १९८५, पस्तीस स्टेज आणि स्वतःची स्टेज बनवायची सोय, माझ्या मते दोघांनी मिळून खेळायचा त्या काळातला सगळ्यात चांगला गेम, आपला किल्ला सांभाळायचा, एकाने वर जायचं एकाने खाली थांबायचं. तो असतो लिस्टमधे, आणि त्याच्याबरोबर त्याचेच बदललेले अवतारही असतात, टँक १९९० वगैरे, ज्यात टँक पाण्यावरून काय जातो, भिंती काय गायब होतात, आणि नवीन पोराला मूळ कोणता हे कळायला काही मार्ग नाही.

आणि जे खरे वेगवेगळे गेम आहेत त्यात छोट्यांचा भरणा जास्त. त्याचं कारण साधं आहे, स्वस्तात जागा वाचवायची तर १९८३ ते ८६ मधले छोटे गेम भरायचे. आख्खा सुपर मारिओ ४० केबीचा, कॉन्ट्रा १२८ केबीचा, म्हणजे एका कॉन्ट्राच्या जागेत तीन मारिओ. मग अर्बन चॅम्पियन (१९८४) येतो, ज्यात दोन माणसं रस्त्यावर उभं राहून ठोसे मारतात आणि त्यापुढे काहीही नाही. "१९४२" नावाचा विमानाचा गेम येतो, जो आर्केडवर (दुकानातल्या नाणं टाकायच्या मशीनवर) उत्तम होता पण फॅमिकॉमवर मायक्रोनिक्स नावाच्या कंपनीने १९८५ मधे असा आणला की संगीत म्हणजे नुसती शिट्टी आणि टकटक, ते ऐकून घरातली माणसं टीव्ही बंद करायला लावायची आणि त्यांचं बरोबर होतं. घोस्ट्स अँड गॉब्लिन्स पण त्यांच्याच हातून १९८६ मधे आला, राक्षस जास्त झाले की चित्र लुकलुकायला लागतं, आणि एवढं करून शेवटी पोचलं तर परत पहिल्यापासून खेळा म्हणतात. हे गेम तेव्हाही कच्चे होते, आजही कच्चे आहेत, जुनं आहे म्हणून चांगलं म्हणायची गरज नाही. पण रोड फायटर, सर्कस चार्ली, एक्साइटबाइक यांना त्यांच्या रांगेत बसवू नका. रोड फायटरमधे पेट्रोल संपत आलेलं असताना तो उडता माणूस बाजूने गेला की अजूनही मी खुर्चीत पुढे सरकून बसतो.

याच दुकानवाल्याकडे टीव्हीला लावायचा सेट पण मिळतो, दोन रिमोट आणि एक बंदूक. तो एका मित्राने घेतला, दुकानदार छातीठोक सांगत होता की एलईडी टीव्हीवर बंदूक चालते. नाही चालत. डक हंटमधे घोडा ओढला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीत जो प्रकाश ओळखणारा भाग आहे त्याला तो पांढरा दिसला तर बदक पडलं. म्हणजे गोळी बंदुकीतून जात नाही, टीव्हीतून प्रकाश बंदुकीत येतो! जुना नळीवाला टीव्ही चित्र आलं की त्याच क्षणी ओळीओळीने काढायचा म्हणून हे सगळं वेळेवर जुळायचं. आताचा टीव्ही चित्र आधी स्वतःकडे घेतो, प्रक्रिया करतो, मग दाखवतो, तेवढ्यात बंदुकीची बघायची वेळ निघून गेलेली असते. त्यामुळे कितीही नेम धरा, नेम चुकला की हसणारा गेममधला तो कुत्रा हसणारच. दुकानात एलईडीवर चालवून दाखवा म्हणा, दाखवत नसतील तर पैसे देऊ नका.

मोठ्या कंपन्या तरी नीट करतात का, तर तसं पण नाही. सोनीने डिसेंबर २०१८ मधे प्लेस्टेशन क्लासिक काढला, शंभर डॉलर, वीस गेम, आणि त्यातले नऊ गेम युरोपातले ५० हर्ट्झवाले, अमेरिकेत विकलेल्या मशीनमधे सुद्धा! वरती मी ५० चं कौतुक केलं ते वेगळं, ते आपल्या टीव्हीची मजबुरी होती. इथे नवीन टीव्हीवर, नवीन मशीनमधे, स्वतःचेच गेम, आणि टेकन ३ सारखा मारामारीचा गेम, ज्यात एकेका क्षणाचा हिशोब असतो तो सावकाश. रिमोटला अ‍ॅनालॉग दांड्या नाहीत. किंमत काही आठवड्यांतच खाली आली. आणि २०२१ मधे रॉकस्टार कंपनीने जीटीएचे तीन जुने गेम नव्याने करून ट्रिलॉजी म्हणून काढले त्याचं जे झालं, व्हाइस सिटीसाठी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजलेल्या आपल्या पिढीला ते जास्त दुखलं, तोंडं प्लॅस्टिकची, पाऊस असा की पुढचं दिसत नाही, मायकल जॅक्सनचं बिली जीन गाणं गायब. रॉकस्टारने जाहीर माफी मागितली, २०२४ च्या नोव्हेंबरच्या अपडेटमधे उजेड पुन्हा जुन्यासारखा करायची सोय दिली, पण तीन वर्षांनी. ज्यांच्याकडे मूळ गेम आहे त्यांनीच त्याची अशी हेळसांड करावी याचं मला फार वाईट वाटतं.

मग घ्यायचं काय. घरी साधा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असेल तर स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन (२०१९) घ्या, सेलमधे बरंच स्वस्त होतं. त्यात जपानी फॅमिकॉमचा कॉन्ट्रा पण आहे, स्टेजच्या मधे नकाशा येतो, झाडं हलतात, बर्फ पडतो, हे आपल्या कॅसेटमधे नव्हतं आणि ते पहिल्यांदा बघताना मला खरंच भरून आलं. बॅटल सिटीसाठी नामको म्युझियम आर्काइव्ह्ज हा जुन्या गेमचा संच, दुसरा भाग, पहिला नाही. आणि एक बरा यूएसबी गेमपॅड, यावर मात्र कंजुषी करू नका, डावीकडचं अधिक चिन्ह दाबून बघा, उजवीकडे दाबताना खाली लागत नाही ना एवढंच तपासा. भाच्याला आता असं लावून दिलंय, धबधब्यापर्यंत पोचतो, आणि वरती जाऊन माझ्यासाठी थांबतो.

ज्यांच्याकडे तो डबा आधीच आलाय त्यांनी निदान वापरत नसताना मागचं झाकण उघडून बॅटरी काढून ठेवा, जुन्या नोकियासारखी चपटी असते, फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका. दुरुस्तीच्या नादी लागू नका, मुख्य चिप काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली असते, कोणी हात लावत नाही. आणि पुण्यात तापकीर गल्लीकडे किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चालू स्थितीतला चौदा इंची नळीवाला टीव्ही अजून कोणाकडे मिळत असेल तर खाली लिहा, मित्राच्या बंदुकीसाठी पाहिजे.