१ यू घ्यावा की २ यू?

सर्व्हर घेताना डेलचा आर६६० की आर७६०, एचपीईचा डीएल३६० की डीएल३८०, लेनोवोचा एसआर६३० की एसआर६५०: कंपनी कुठलीही धरा, अडायला होतं ते १ यू की २ यू इथेच. यू म्हणजे रॅकमधल्या, म्हणजे सर्व्हर लावायच्या कपाटातल्या, उंचीचं माप; २ यूचा सर्व्हर १ यूच्या दुप्पट उंच. प्रोसेसर त्याच मालिकेतले, मेमरीचे स्लॉटही दोन्हींत सारखेच. कोटेशनवर १ यू सुटसुटीत दिसतो. मीही आधी तोच घेतला होता.

१ यू घ्यायचं पहिलं कारण जागा, म्हणून आधी तिचाच हिशोब. नवी मुंबईत महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये आमची ४२ यूची रॅक आहे, मंजूर वीज ६ केव्हीए, म्हणजे फार तर ६,००० वॉट. व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर चालणारे अनेक आभासी संगणक) आणि डेटाबेसच्या कामात आमचा दोन प्रोसेसरचा सर्व्हर ५०० वॉटच्या आसपास खातो. दहा सर्व्हर लावले की वीज संपत आली. ते दहाही २ यूचे घेतले तरी २० यूच भरतात, निम्म्याहून जास्त रॅकला ब्लँकिंग पॅनेलच, म्हणजे रिकाम्या जागेची झाकणंच, लावायची. वाचवलेल्या जागेत लावायला आमच्याकडे वीजच नव्हती. तुम्ही भाडं यूप्रमाणे भरत असाल, तर मात्र १ यूची बाजू जड होते हे मान्य.

पंख्यांचा फरक कागदावर दिसत नाही. १ यूमध्ये ४० मिलिमीटरचे पंखे, त्यामुळे तेवढीच हवा ढकलायला त्यांना फार जोरात फिरावं लागतं. आणि पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी वीज साधारण आठपट होते. मी मोजमाप केलेलं नाही, पण मे महिन्यात ऑफिसच्या सर्व्हर रूमचा एसी बंद पडला तेव्हा १ यूचे पंखे पार्टिशनपलीकडे अकाउंट्सच्या टेबलापर्यंत ऐकू येत होते. त्याच खोलीतला २ यू त्या मानाने शांत होता.

तरी हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझं मत बदललं ते एका पत्र्याच्या पट्टीमुळे.

बॅकअपसाठी १ यूच्या सर्व्हरमध्ये फायबर चॅनेलचं (स्टोरेजशी जोडणारं) कार्ड बसवायचं होतं. शनिवारी रात्री ११ ते ३ डाउनटाइम (सर्व्हर बंद ठेवायची वेळ) मंजूर, गेटपास काढलेला. सर्व्हर रेलवर ओढला, झाकण काढलं, रायझर (ज्यात कार्डं आडवी बसतात तो भाग) उचलला आणि कार्ड हातात घेतलं, तर त्याला पूर्ण उंचीची ब्रॅकेट, म्हणजे कार्ड पेटीला घट्ट धरणारी पत्र्याची पट्टी. आमच्या रायझरचे तिन्ही स्लॉट अर्ध्या उंचीचे, कारण घेताना दोन पूर्ण उंचीच्या स्लॉटऐवजी आम्ही तीन छोटे मागितले होते. अर्ध्या उंचीची पट्टी बहुतेक वेळा कार्डासोबत खोक्यातच येते, दोन स्क्रूचं काम. खोकं उलटं करून पाहिलं, नव्हती. ब्रॅकेटशिवाय बसवू, असं सोबतच्या मुलाने सुचवलं. मी नको म्हटलं. सर्व्हर पुढे ओढताना केबलचा ताण थेट स्लॉटवर येतो. सगळं परत बंद करून पहाटे घरी आलो. पट्टी सहा दिवसांनी आली, आणि डाउनटाइमसाठी पुन्हा पहिल्यापासून मंजुऱ्या.

२ यूमध्येही काही स्लॉट अर्ध्या उंचीचे असतात, पण रायझर नीट निवडला तर पूर्ण उंचीचा एखादा हाताशी राहतो. डिस्कचंही तसंच: समोरून १ यूमध्ये साडेतीन इंची जास्तीत जास्त चार, २ यूमध्ये बारा. पुढे कधी दोन स्लॉट जाडीचं जीपीयू (ग्राफिक्स, एआयच्या कामाचं) कार्ड लागलं, तर २ यूमध्ये ते बसवायची सोय करता येते. आमच्या १ यूत त्याला जागाच नाही.

वेब सर्व्हर किंवा कुबरनेटीसचे वर्कर (अनेक सर्व्हरवर वाटून चालणाऱ्या ॲपचे सर्व्हर) यांना १ यू चांगला, असं मला अजूनही वाटतं. सगळा डेटा सॅनवर (नेटवर्कवरच्या वेगळ्या स्टोरेजवर) आहे आणि यंत्र पाच वर्षं कोणी उघडणार नाही, तिथे २ यूचा आग्रह मी धरणार नाही. कुठलाही घेतलात तरी रायझरचा पर्याय आणि ब्रॅकेटची उंची कोटेशनवर लिहून घ्या.

आम्ही गेल्या खेपेला चार सर्व्हर बदलले. चारही २ यू घेतले, आणि प्रत्येकात पूर्ण उंचीचा एक स्लॉट मुद्दाम रिकामा ठेवला आहे.