आजोबांचा थिओडोलाइट आणि साताऱ्यातलं बिनपाटीचं दुकान

साताऱ्यात कुणाकडे जुनं सर्व्हेचं यंत्र पडून असेल आणि ते नक्की काय आहे, किती जुनं आहे हे कळत नसेल तर मोती चौकाच्या बाजूला एका बोळात जिना चढून रिपेअरवाले काका बसतात, त्यांच्याकडेच न्या. पाटी नाही, खाली विचारावं लागतं.

आमच्या माळ्यावर आजोबांचा पितळी थिओडोलाइट होता, म्हणजे दुर्बिणीतून बघून कोन मोजायचं सर्व्हेचं यंत्र, पेटीसकट. आजोबा कंत्राटदारांकडे रस्त्याच्या, पाटाच्या सर्व्हेची कामं करायचे. मागे जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाला दाखवला तर त्याने मळलेल्या प्लेटवर 'ट्रॉटन अँड सिम्स' एवढंच वाचलं आणि म्हणाला कंपनी १८२६ ची आहे, म्हणजे माल दोनशे वर्षांचा, आणि मी नको म्हणेपर्यंत एका पायाला पॉलिश घासून मोकळा झाला. तिथला सोनेरी लाखेचा मूळ थर गेला तो गेलाच, अजून बघितलं की जीव तुटतो.

काकांनी आधी हात धुतले. मग मऊ ब्रशने नावावरचा काळपट हिरवा थर हळूहळू काढला, भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुम्हीच वाचा." ट्रॉटनच्या आधी 'कुक' होतं! यॉर्कची कुक आणि लंडनची ट्रॉटन अँड सिम्स १९२२ साली एक झाल्या, त्यामुळे तिन्ही नावं एका ओळीत असतील तर यंत्र त्याच्या आधीचं असूच शकत नाही. नंतर फोकसचा स्क्रू फिरवून दाखवला, दुर्बिणीची नळी जागची हलत नाही, भिंग आतल्या आत सरकतं. एकोणिसाव्या शतकातल्या यंत्रात नळीच पुढे मागे व्हायची म्हणे, म्हणजे नाव पुसलेलं असतं तरी एवढ्यावरून अंदाज आला असता.

पण मला खरं भारी वाटलं ते पुढचं. पेटीच्या कप्प्यात आजोबांचं फील्डबुक, म्हणजे सर्व्हेची मोजमापं लिहायची वही होती, १९३८ ची, ती मी नुसती आठवण म्हणून ठेवलेली. काकांनी ती उघडली, व्हर्नियर (बारीक कोन वाचायची छोटी पट्टी) ए आणि बी च्या रकान्यांवरून बोट फिरवत गेले, प्रत्येक रीडिंगच्या शेवटी शून्य, वीस नाहीतर चाळीस सेकंद, म्हणजे कोनाचे सेकंद, साठ सेकंदांचं एक मिनिट आणि साठ मिनिटांचा एक अंश. मग चांदीच्या पट्टीवरचा व्हर्नियर दाखवला, मुख्य चकतीचे वीस-वीस मिनिटांचे ५९ भाग तिथे ६० मध्ये वाटलेत, म्हणून हे यंत्र बरोब्बर वीस सेकंदांपर्यंतच वाचतं. आकडे या यंत्राशी जुळतात, म्हणजे १९२२ ते १९३८ च्या मधलं. दोनशे वर्षं नाहीत याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही, आजोबांचं अक्षर आणि ती पट्टी शेजारी शेजारी बघताना डोळे भरून आले.

काम पण छान केलंय. दुर्बिणीतली आडवी उभी तार तुटलेली ती कोळ्याच्या धाग्याने बसवली, यंत्र समतल आहे का ते दाखवणारा बबल सेट केला, स्क्रू मोकळे केले, पितळ मात्र घासलं नाही. चांदीच्या पट्टीला तर पॉलिश लावूच नका, रेषा पुसल्या की यंत्र गेलं असं दोनदा बजावलं. गच्चीवर स्टँड लावून अजिंक्यतारा दाखवला, तो उलटा दिसला तर मी घाबरलो, पण तो बिघाड नाही, सरळ दाखवायला जास्तीची भिंगं लागतात आणि त्यात उजेड कमी होतो म्हणून जुन्या दुर्बिणी उलटंच दाखवायच्या.

१८०० रुपये घेतले, मला तरी जास्त वाटले नाहीत. तीन आठवडे लागले आणि मध्ये फोन उचलत नाहीत, एवढी एक तक्रार. दुपारी एक ते चार बंद असतं. जाताना पेटी, पेटीतले कागद, चिठ्ठ्या, तुटके स्क्रू सगळं घेऊन जा, काही टाकू नका, आणि काहीही पुसू नका.