डीएमएलटी की बी.एस्सी. एमएलटी? आधी हप्ता मोजा

डीएमएलटी ही वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, बी.एस्सी. एमएलटी ही त्याच विषयातली पदवी. डीएमएलटीवाला लवकर कमावू लागतो, पुढे एम.एस्सी. करायचे तर पदवीच हवी. खरा फरक कर्जात आहे. समजा, पदवीसाठी तीन वर्षे दरसाल १ लाख घेतले, सरळव्याज १० टक्के. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, पण व्याज चढतेच: ९० हजार. मग ३.९ लाखांवर पाच वर्षे दरमहा सुमारे ८,३०० रुपये. हप्ता सुरू होईपर्यंतचे व्याज वेळच्या वेळी भरले तर ६,४००. पहिल्या नोकरीत रक्त काढणे, सेंट्रिफ्यूज (रक्त वेगाने फिरवून घटक वेगळे करणारे यंत्र) लावणे दोघांनाही सारखेच. पगारात बहुधा थोडाच फरक, म्हणून हप्ता जड जातो.

‘स्वतःची लॅब टाकू’ या भरवशावर कर्ज वाढवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच लागते. सरकारी कॉलेजात जागा मिळाली, तर मात्र पदवीच घ्या.