ऑलिम्पस ओएम-१ : काही महिने रोज वापरल्यानंतर

गेले काही महिने घरातले बाकीचे फिल्म कॅमेरे कपाटात ठेवून मी एकच वापरते आहे: ऑलिम्पस ओएम-१, सोबत ५० मिमी एफ/१.८ झुइको लेन्स. कपाटात पेंटॅक्स के१००० आहे, याशिका इलेक्ट्रो ३५ आहे, आणखीही काही आहेत आणि ते सगळे चालू आहेत. तरी बाहेर पडताना हात याच्याकडेच जातो. याचं मुख्य कारण व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून चित्र पाहायची खिडकी, म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते.

५० मिमीची लेन्स इन्फिनिटीवर, म्हणजे सगळ्यात दूरच्या फोकसवर, ठेवून ओएम-१ मधून पाहिलं, की समोरचं चित्र प्रत्यक्षाच्या ०.९२ पट दिसतं आणि निगेटिव्हवर उतरणाऱ्या चौकटीचा ९७ टक्के भाग त्यात येतो. के१००० मध्ये हेच आकडे ०.८८ आणि ९२ टक्के आहेत. वाचताना फरक किरकोळ वाटेल. डोळा लावल्यावर तो चांगलाच जाणवतो. चौकटीच्या कडा एकमेकींपासून इतक्या दूर दिसतात, की त्या तपासायला नजर फिरवावी लागते. दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढता येतो, कारण दोन्ही डोळ्यांना माणूस जवळपास सारख्याच आकाराचा दिसतो. मला माणसांचे फोटो जवळून काढायला आवडतात, आणि तिथे समोरच्याची पापणी फोकसमध्ये आली की नाही हे फोकससाठी दिलेल्या मधल्या वर्तुळाकडे न बघता आजूबाजूच्या मॅट काचेवरच कळतं. त्यामुळे चेहरा चौकटीत हवा तिथे ठेवूनच फोकस करता येतो. आधी मध्ये आणा, फोकस करा, मग कॅमेरा बाजूला सरकवा, हा खटाटोप वाचतो. चष्मा लावणाऱ्यांना मात्र एक अडचण येईल. चित्र मोठं असल्यामुळे चष्म्यातून चारही कोपरे एकदम दिसत नाहीत.

इतका मोठा व्ह्यूफाइंडर इतक्या लहान कॅमेऱ्यात बसवला आहे, हे मला आजही विशेष वाटतं. योशिहिसा मैतानी हे या कॅमेऱ्याचे मुख्य रचनाकार. त्याआधी १९५९ मध्ये त्यांचा हाफ-फ्रेम (नेहमीच्या अर्ध्या चौकटीचा) कॅमेरा ‘पेन’ आला होता. लहान कॅमेरा माणूस जवळ बाळगतो, हे त्यांना तेव्हापासून पक्कं ठाऊक असणार. १९७२ मध्ये हा कॅमेरा ‘एम-१’ या नावाने बाहेर पडला. लायकाच्या एम मालिकेशी नाव जुळतं म्हणून लायका बनवणाऱ्या लाइट्झ कंपनीने हरकत घेतली आणि त्याचा ‘ओएम-१’ झाला. बॉडीचं वजन ५१० ग्रॅम, म्हणजे के१००० पेक्षा शंभरेक ग्रॅम कमी. खांद्याला अडकवून दिवसभर हिंडल्यावर संध्याकाळी हा फरक कळतो.

शटर स्पीडची रिंग लेन्सच्या माउंटभोवती आहे. बहुतेक एसएलआरमध्ये (आरशातून लेन्समधलंच चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांमध्ये) जिथे स्पीडची चकती असते, तिथे इथे फिल्मच्या एएसएची, म्हणजे ती उजेडाला किती संवेदनशील आहे त्या आकड्याची, चकती आहे. पहिले काही दिवस उजवं बोट सवयीने वरच चाचपडत राहतं. नंतर मात्र ही मांडणी हाताला अशी बसते, की दुसरा कॅमेरा अवघड वाटू लागतो. मागे स्पीड, मध्ये फोकस, पुढच्या टोकाला ॲपर्चर (उजेड आत सोडणारं लेन्समधलं भोक): तिन्ही रिंगा डाव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि बोटांच्या टप्प्यात. उजव्या हाताला शटर दाबणं आणि फिल्म पुढे सरकवणं एवढंच काम उरतं. डोळा न हलवता स्पीड आणि ॲपर्चर दोन्ही बदलता येतात. फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये यांपैकी काहीच लिहिलेलं दिसत नाही. मी आता रिंगेचे खटके मोजते, पण ज्यांना आकडे डोळ्यांसमोर हवेत त्यांना हे खटकेल.

व्ह्यूफाइंडरमध्ये डाव्या बाजूला खाली उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा दिसतो. तो खाचेच्या मध्ये आला की एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, बरोबर. दिवे नाहीत, बीप नाही. काटा किती वर गेला, किती खाली राहिला, यावरून प्रकाश किती कमीजास्त आहे याचा अंदाज आपोआप येऊ लागतो. मीटरचे दोन कॅडमियम सल्फाइड सेल आयपीसच्या (डोळा लावायच्या काचेच्या) दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे पाठीमागून कडक ऊन असेल आणि डोळा काचेला नीट टेकलेला नसेल तर मागून शिरलेला उजेड मीटरला फसवतो. प्रखर उजेडातून सावलीत आल्यावर काटा स्थिर व्हायलाही थोडा वेळ घेतो. हा त्या सेलचाच स्वभाव आहे. अशा वेळी मी तळहात त्याच उजेडात धरून वाचन घेते आणि एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड, देते. त्वचेचा रंग फार गडद असेल तर तेवढंही द्यावं लागत नाही.

आता बॅटरी. जुना कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधीतरी पडतोच. ओएम-१ चा मीटर ६२५ आकाराच्या, १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेला आहे. पाऱ्याचा सेल संपेपर्यंत जवळजवळ एकसारखा व्होल्टेज द्यायचा, म्हणून मीटरमध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारी वेगळी जोडणी करावी लागली नाही. पाऱ्याच्या विषारीपणामुळे ते सेल बंद झाले. त्याच आकाराचा अल्कलाइन सेल खोबणीत नेमका बसतो, पण तो १.५ व्होल्टचा. काटा जास्त वर जातो, मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो आणि फिल्म अंडर होते, म्हणजे तिला उजेड कमी पडतो. शिवाय अल्कलाइनचा व्होल्टेज वापराबरोबर उतरत जातो, म्हणजे चूकही रोज वेगळी. मी श्रवणयंत्रात घालतात तो ६७५ आकाराचा झिंक-एअर सेल वापरते. तो साधारण १.४ व्होल्ट देतो, आणि लहान असल्यामुळे भोवती रबराची बारीक रिंग घालावी लागते. वरचा स्टिकर काढला की भोकांतून हवा आत जाते आणि सेल चालू होतो. तिथून पुढे तो वापरा किंवा न वापरा, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी संपतो. दुसरा मार्ग डायोड बसवलेल्या ॲडॅप्टरचा. तो १.५५ व्होल्टच्या सिल्व्हर ऑक्साइड सेलचा व्होल्टेज पाऱ्याच्या सेलइतका खाली आणतो. एकदाच खर्च करायची तयारी असेल तर तोच घ्यावा.

सेल संपला तरी कॅमेरा अडत नाही. शटर पूर्ण यांत्रिक आहे, एक सेकंदापासून १/१००० पर्यंत सगळे स्पीड सेलशिवाय चालतात. लख्ख उन्हात एफ/१६ आणि फिल्मच्या एएसएच्या जवळचा स्पीड, म्हणजे ४०० च्या फिल्मला १/५००, हा जुना नियम पाठ असला की मीटर बंद ठेवूनही रोल नीट येतो. याशिका इलेक्ट्रो ३५ माझ्या आवडीचा आहे, त्याची ४५ मिमी एफ/१.७ लेन्स सुंदर आहे, पण त्याचं स्वयंचलित एक्स्पोजर बॅटरीवर अवलंबून आहे. प्रवासाला निघताना हा विचार करावाच लागतो.

कॅमेरा आला तेव्हा मागच्या झाकणाच्या खाचांमधला फोम डांबरासारखा चिकट झालेला होता. पन्नास वर्षांच्या आसपासच्या जवळजवळ कुठल्याही कॅमेऱ्यात हेच सापडेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली लाकडी दातकोरणी खाचेतून हळूहळू फिरवली की काळा लगदा सुटत येतो. घाई केली तर त्याचे कण शटरच्या पडद्यावर पडतात, म्हणून मी पडद्यावर कागद धरून आणि कॅमेरा खाली झुकवून काम केलं. मग नवा फोम खाचेच्या रुंदीइतका कापून बसवला. आरसा जिथे आपटतो तिथली फोमची पट्टीही बदलली. आरशाला मात्र बोट लावायचं नाही, कापडही नाही. त्याचा चकचकीत थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो आणि तो सहज ओरखडतो. व्ह्यूफाइंडरच्या प्रिझमभोवतीचा (लेन्समधलं चित्र डोळ्यापर्यंत आणणाऱ्या काचेभोवतीचा) फोम हे दुखणं यापेक्षा मोठं. तो कुजला की प्रिझमचा चांदीचा थर खातो, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये तपकिरी डाग किंवा पट्टे दिसू लागतात. फोटोवर त्याचा काहीच परिणाम होत नाही, पण ज्या व्ह्यूफाइंडरसाठी हा कॅमेरा घ्यायचा तोच खराब असेल तर घेण्यात अर्थ काय? त्यामुळे ओएम-१ बघायला गेलात तर सगळ्यात आधी लेन्स पांढऱ्या भिंतीकडे करून आत बघा.

त्यानंतर मागचं झाकण उघडून एक सेकंदावर शटर सोडा आणि आवाज ऐका. अडखळत असेल तर सर्व्हिसिंग लागणार. १/१००० वर उजेडाकडे धरून पाहिल्यावर चौकटीची एक बाजू काळी राहिली, तर पडद्यांचा वेग बिघडलेला आहे. लेन्समधून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, आणि अशी लेन्स बाकीच्या लेन्सजवळ ठेवू नका. ॲपर्चरची पाती कोरडी हवीत.

लेन्सबद्दल थोडंच सांगते. जुन्या झुइकोवर ‘एफ.झुइको’ असं लिहिलेलं असतं. त्यातलं एफ हे इंग्रजी वर्णमालेतलं सहावं अक्षर, म्हणजे सहा काचा. माझी तशीच जुनी, एकाच थराच्या कोटिंगची आहे. सूर्य चौकटीत असला की कॉन्ट्रास्ट घसरतो, हूड हवाच. एफ/१.८ वर जरा मऊ, एफ/४ पासून पुढे अगदी रेखीव.

फिल्म मी बहुतेक वेळा इलफर्डची एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म वापरते आणि घरीच धुते. डी-७६ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) तेवढंच पाणी घालून २० अंशांना ११ मिनिटं, दर मिनिटाच्या सुरुवातीला टाकी चार वेळा उलटी-सुलटी. पाणी कोमट असेल तर वेळ घटवावी लागते. २४ अंशांना ती साधारण आठ मिनिटांवर येते. फिक्सरनंतर (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनानंतर) धुताना नळ सोडून ठेवत नाही. टाकी भरायची, पाच वेळा उलटायची, पाणी ओतायचं. मग दहा वेळा. मग वीस वेळा. इलफर्डनेच सुचवलेली ही पद्धत पाणी खूप वाचवते. ओली पट्टी रीळावरून सोडवून उजेडाकडे धरल्यावर चौकटींमधलं अंतर बघते. ते एकसारखं असेल तर फिल्म पुढे नेणारी यंत्रणा ठीक आहे. अंतर कमीजास्त होऊ लागलं किंवा चौकटी एकमेकींवर चढल्या, की दुरुस्तीची वेळ आली. माझ्याकडच्या या कॅमेऱ्यात ते अजून सारखंच येतं.

उणिवा आहेत. फ्लॅशचा शू, म्हणजे तो अडकवायची खोबण, वेगळा बसवावा लागतो आणि जुन्या शूचं प्लॅस्टिक तडकलेलं असतं. फ्लॅशसाठी स्पीड १/६० पर्यंतच. ४०० ची फिल्म घालून भर उन्हात एफ/२ वर फोटो काढायचा म्हटलं तर १/१००० पुरत नाही, उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लागतो. पळणाऱ्या मुलांचे किंवा खेळांचे फोटो हेच मुख्य काम असेल तर ऑटोफोकसवाला नंतरचा कॅमेरा बरा.

आता सोबत २८ मिमी एफ/३.५ आणि १०० मिमी एफ/२.८ याही झुइको घेतल्या आहेत. पहिली १८० ग्रॅमची, दुसरी २३० ची. तिन्ही लेन्सना ४९ मिमीचाच फिल्टर बसतो, त्यामुळे आकाश गडद करायला एकच पिवळा फिल्टर पुरतो आणि सगळा संच एका लहान पिशवीत मावतो.