शाहूपुरीतील एक करसल्ला कार्यालय : परदेशातून परतलेल्या निवृत्तांसाठी कितपत उपयोगाचे?

परदेशात नोकरी करून कोल्हापुरात परतलेल्या निवृत्तांचा कर, पेन्शन आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारे कार्ड) यांची कागदपत्रे एकाच ठिकाणी पाहणारी कार्यालये शहरात मोजकीच आहेत. शाहूपुरीत व्यापारी पेठेच्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर चालणारे हे कार्यालय त्यांपैकी एक आहे. पुढे काही तक्रारीही नोंदवायच्या असल्याने त्याचे नाव येथे देत नाही. मी जन्माने कोल्हापूरचा, नागरिकत्वाने ब्रिटिश आणि आता ओसीआय कार्डावर पुन्हा कोल्हापूरचा रहिवासी आहे. इंग्लंडच्या मिडलँड्स भागात अभियंता म्हणून नोकरीची सारी वर्षे काढली. त्यामुळे या कार्यालयाकडे मी जे काम घेऊन जातो, ते दोन्ही बाजूंनी पाहण्याची सवय मला आहे.

आधी हे सांगितले पाहिजे की अशा कार्यालयाची गरज खरोखरच असते. परतलेला माणूस प्रत्येक कायद्याच्या दृष्टीने वेगळ्याच देशाचा असतो. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यावर येथे हवे तितके राहता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. परकीय चलनाच्या कायद्यानुसार कायम राहण्याच्या इराद्याने परतलेला माणूस लगेच निवासी ठरतो, म्हणून एनआरई खाते, म्हणजे अनिवासी भारतीयांचे बँक खाते, त्याच नावाने चालू ठेवता येत नाही. ते निवासी खात्यात बदलावे लागते किंवा ती रक्कम आरएफसी खात्यात, म्हणजे परतलेल्यांना परकीय चलन ठेवता येते अशा खात्यात, वळवावी लागते. प्राप्तिकराचा कायदा मात्र इरादा विचारत नाही, तो दिवस मोजतो. ब्रिटनमधील सरकारी आरोग्यसेवेचा हक्कही पासपोर्टावर नव्हे, तर वास्तव्यावर ठरतो, आणि भेटीला गेलेल्या माजी रहिवाशाला तेथील रुग्णालयातील उपचारांचे पैसे मोजावे लागू शकतात, हे आमच्यापैकी अनेकांना परतल्यानंतर समजते.

या कार्यालयाचे खरे बळ प्राप्तिकराच्या कामात आहे, आणि त्याबाबत मी निःशंकपणे शिफारस करेन. दीर्घकाळ परदेशी राहून परतलेल्याला सुरुवातीची दोन-तीन वर्षे बहुधा ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नव्हे’ असा दर्जा मिळतो. मागील १० वर्षांपैकी ९ वर्षे तो अनिवासी असला पाहिजे, किंवा मागील ७ वर्षांत त्याचा भारतातील एकूण मुक्काम ७२९ दिवसांपेक्षा जास्त नसला पाहिजे. या काळात परदेशात मिळालेल्या उत्पन्नावर सर्वसाधारणपणे येथे कर लागत नाही. एवढे बहुतेक सीए सांगतात. पण उत्पन्न पहिल्यांदा भारतातच हाती आले, तर ते याच काळातही येथे करपात्र ठरते, हा बारकावा मला प्रथम या कार्यालयात ऐकायला मिळाला. म्हणजे पेन्शन थेट कोल्हापुरातील बँकेत जमा करून घेतले तर एक हिशेब, आणि ब्रिटनमधील खात्यात घेऊन नंतर येथे पाठवले तर दुसरा. ज्याला हा फरक वेळेवर कळत नाही, तो सवलतीची दोन वर्षे विनाकारण कर भरत बसतो. तेथील ज्येष्ठ सीएबाईंनी माझे जुने पासपोर्ट समोर घेऊन एकेका शिक्क्याची तारीख कागदावर मांडली आणि मगच दर्जा निश्चित केला. तोंडी अंदाजावर त्यांनी काहीही सांगितले नाही.

सवलतीचा काळ संपल्यावर परदेशातील बँक खाती, शेअर आणि पेन्शन फंड विवरणपत्रात दाखवावे लागतात, आणि तेही आर्थिक वर्षाप्रमाणे नव्हे तर जानेवारी ते डिसेंबर या हिशेबाने. २०१५ च्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्यात ही माहिती न दिल्यास १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. लहान रकमांना अलीकडे काही सूट मिळाली असली, तरी त्या भरवशावर राहू नये. भारत आणि ब्रिटन यांच्यातील १९९३ च्या करारानुसार खाजगी कंपनीचे पेन्शन, ते घेणारा ज्या देशाचा रहिवासी असेल तेथेच करपात्र असते, तर सरकारी नोकरीच्या पेन्शनचा नियम वेगळा आहे. कंपनीच्या पेन्शनमधून ब्रिटनमध्ये कर कापला जाऊ नये म्हणून लागणारे येथील निवासाचे प्रमाणपत्र या कार्यालयाने कोणतीही कटकट न होता मिळवून दिले. या सर्व कामाचे शुल्क मला योग्य वाटले. मुंबईतील मोठ्या सल्लागार कंपन्या याच कामासाठी जे मागतात, त्याच्या तुलनेत ते अगदीच माफक आहे.

हयातीच्या दाखल्याचे काम किरकोळ आहे आणि त्यासाठी येथे येण्याची फारशी गरज नाही. ब्रिटनचा पेन्शन विभाग परदेशस्थांना अधूनमधून टपालाने एक फॉर्म पाठवतो. नात्यात नसलेल्या आणि डॉक्टर, वकील, लेखापाल, बँक अधिकारी अशा व्यवसायातील साक्षीदारासमोर सही करून तो परत पाठवावा लागतो. तो वेळेत पोहोचला नाही तर पेन्शन थांबू शकते. हे कार्यालय साक्षीही देते आणि कुरिअरही करते. आपल्या भागातील टपालाचा अनुभव लक्षात घेता कुरिअरचा खर्च वाया जात नाही.

आता तक्रारीकडे येतो. ज्या प्रश्नाचे उत्तर ‘यात आम्हाला काहीही करता येणार नाही’ असे आहे, तेथेही हे कार्यालय ग्राहकाला आशेवर ठेवते. ब्रिटनचे सरकारी पेन्शन (वर्गणी भरलेल्यांना मिळणारे ‘स्टेट पेन्शन’, सरकारी नोकरीचे नव्हे) दरवर्षी वाढते. वेतनवाढ, महागाई आणि २.५ टक्के यांपैकी जे सर्वाधिक असेल त्या दराने. मात्र ही वाढ ब्रिटनमध्ये, युरोपीय आर्थिक क्षेत्रात आणि ज्यांच्याशी तसा करार आहे अशा देशांत राहणाऱ्यांनाच मिळते. अमेरिकेत, फिलिपिन्समध्ये, जमैकात राहणाऱ्याला ती मिळते. भारत, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिका येथे राहणाऱ्याला मिळत नाही. एप्रिल २०१६ मध्ये नवे पेन्शन सुरू झाले तेव्हा पूर्ण दर आठवड्याला १५५.६५ पौंड होता. २०२५-२६ मध्ये तो २३०.२५ पौंड होता. त्या सुमारास पूर्ण पेन्शन घेऊन भारतात आलेला माणूस आजही १५५.६५ वरच आहे. २०२५-२६ च्या दराने हा फरक वर्षाला सुमारे ३,८८० पौंड होतो, म्हणजे पौंड ११५ रुपये धरला तरी साडेचार लाखांच्या घरात. दोघांनी वर्गणी सारखीच भरलेली असते; फरक फक्त निवृत्तीनंतर कोणत्या देशात घर केले याचा. रुपयाच्या घसरणीने झळ थोडी कमी होते, हे खरे. पण पौंडही काही स्थिर नाही. युरोपीय संघ सोडण्याबाबतच्या २०१६ च्या सार्वमतापूर्वी शंभराच्या आसपास असलेला पौंड त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ऐंशीच्या घरात आला होता. लंडनमधील मतपेटीचा आणि अर्थसंकल्पाचा परिणाम रंकाळ्याकाठच्या माणसाच्या पासबुकात दिसतो, म्हणून आमच्या वयाची माणसे जगाच्या बातम्या इतक्या बारकाईने वाचतात. त्यात राजकारणाची हौस कमी आणि घरखर्चाची काळजी अधिक असते.

हा प्रश्न न्यायालयात सुटलेला नाही. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या ॲनेट कार्सन यांचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च पातळीवर हरला आणि २०१० मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयातही ११ विरुद्ध ६ मतांनी फेटाळला गेला. तो आता संसदेच्या आणि दोन सरकारांमधील कराराच्या हातात आहे. असे असताना २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्यानंतर या कार्यालयाने आपल्या ग्राहकांना ‘आता पेन्शन वाढणार, नोंदणी करून ठेवा’ असे सांगितले आणि त्या नोंदणीचे वेगळे शुल्कही आकारले. या कराराबरोबर जी सामाजिक सुरक्षेची तरतूद ठरली आहे, ती तात्पुरत्या नेमणुकीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना ठरावीक काळापर्यंत दुहेरी वर्गणीतून सूट देणारी आहे. निवृत्तांच्या वार्षिक वाढीचा तिच्यात समावेश नाही. मी हे तेथील तरुण सहायकाला मजकूर दाखवून सांगितले, तेव्हा त्याने ‘काका, पुढे-मागे होईलच की’ असे उत्तर दिले. करारातील वाक्याला हे उत्तर होऊ शकत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाकडून ‘पुढे-मागे’साठी पैसे घेणे मला अनुचित वाटते, आणि मी ती नोंदणी केली नाही.

याच कार्यालयाच्या प्रतीक्षागृहात एक वेगळीच पंगत बसते, आणि माझ्या मते ती या जागेचा सर्वांत बोधप्रद भाग आहे. परदेशातून परतलेल्यांच्या शेजारी ईपीएस-९५ चे, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेचे, निवृत्तीधारक बसलेले असतात. कोणी सूतगिरणीतून, कोणी साखर कारखान्यातून, कोणी उद्यमनगरातील वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांचे किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे, आणि महागाई भत्ता त्याला जोडलेला नाही. आमचे पेन्शन गोठलेले म्हणून आम्ही हळहळतो. त्यांचेही गोठलेलेच आहे, आणि ते कोणत्याही सीमेबाहेर गेलेले नाहीत. डिजिटल हयातीच्या दाखल्यासाठी कार्यालय त्यांच्याकडून शंभर रुपये घेते. हा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या विनामूल्य काढता येतो, आणि ईपीएसवाल्यांनी तो वर्षात केव्हाही दिला तरी पुढे वर्षभर चालतो, नोव्हेंबरातच दिला पाहिजे असे नाही. हे दाराशी मराठीत मोठ्या अक्षरांत लावले तर निम्मी गर्दी कमी होईल. तसा फलक लावलेला नाही.

तेथे चालणाऱ्या गप्पांत ब्रिटनमधील स्थलांतराचा विषय हटकून निघतो. आमच्यापैकी बऱ्याच जणांचे म्हणणे असे, की आता दारे बंद केली पाहिजेत. मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण भावनेचे नसून हिशेबाचे आहे. ब्रिटिश सरकारी पेन्शनसाठी आमच्या नावाने कोणतीही पेटी भरून ठेवलेली नाही. आज काम करणाऱ्यांच्या वर्गणीतून आजच्या निवृत्तांना पैसे दिले जातात. बर्मिंगहॅमच्या रुग्णालयात रात्रपाळी करणारी केरळची परिचारिका दर महिन्याला जी वर्गणी भरते, तिच्यातून माझे पेन्शन येते. तिला येऊ देऊ नका असे म्हणणारा निवृत्त स्वतःच्या उत्पन्नाविरुद्ध बोलत असतो. अर्थात या हिशेबाला दुसरी बाजू आहे: आज येणारा तरुणही पुढे म्हातारा होणार आणि त्यालाही पेन्शन लागणार. म्हणून किती जणांना घ्यायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण नियम मध्येच बदलणे रास्त नाही. मला वर्क परमिटवर चार वर्षांनी कायम वास्तव्याचा हक्क मिळाला. २००६ पासून त्यासाठी पाच वर्षे लागू लागली. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ही मुदत सर्वसाधारणपणे दहा वर्षे करण्याचा प्रस्ताव आला. पाच वर्षांच्या भरवशावर घरदार सोडून गेलेल्याला वाटेत दहा सांगणे मला अन्यायाचे वाटते.

आणि कोल्हापूरकराने तर या विषयावर जरा जपूनच बोलावे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित येथून जवळच वळिवडे येथे राहिले होते; त्यांतील बरेच जण पुढे ब्रिटनमध्ये स्थायिक झाले. महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे, आणि वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक आहे. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत भट्टीसमोर उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार उभे असतात, आणि ‘बाहेरचे फार झाले’ हे वाक्य मला या प्रतीक्षागृहात त्यांच्याबद्दलही ऐकू येते. ईपीएसचे मासिक पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते, ब्रिटनच्या नव्या पेन्शनलाही किमान दहा वर्षांची वर्गणी लागते. कंत्राटदार दरवर्षी कागद बदलत असेल, तर त्या भट्टीवाल्या तरुणाची दहा वर्षे कोण मोजणार, असा प्रश्न मी एकदा विचारला. सूतगिरणीतील एका निवृत्त जॉबरने मान डोलावली. परदेशातून परतलेल्यांपैकी कोणी बोलले नाही.

कार्यालयाच्या सोयींबद्दल थोडक्यात: लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि कठड्याविना आहे, आणि ज्यांचे बहुतेक ग्राहक साठीच्या पुढचे आहेत त्यांनी हे इतकी वर्षे चालवून घ्यावे याचे नवल वाटते. फोन क्वचितच उचलला जातो. व्हॉट्सॲपवर उत्तर दुसऱ्या दिवशी मिळते. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, म्हणून ती मागावी. चहा मात्र न विचारता येतो.

परतल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांतील कर, खात्यांचे रूपांतर आणि निवासाचे प्रमाणपत्र या कामांसाठी येथे जरूर जावे, आणि भेट ज्येष्ठ सीएबाईंचीच मागावी. पेन्शनवाढीची कोणतीही नोंदणी करू नये. त्या विषयावर काही करायचेच असेल, तर ब्रिटनमधील आपल्या शेवटच्या पत्त्याच्या मतदारसंघातील खासदाराला पत्र लिहावे, त्याला टपालखर्चच तेवढा येतो. जाताना रद्द झालेले जुने पासपोर्टही सोबत न्यावेत, कारण मुक्कामाचे दिवस त्यांच्यावरूनच मोजले जातात. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने, कोणताही फॉर्म भरण्यापूर्वी त्याचा क्रमांक तोच आहे की बदलला, हे विचारून घ्यावे.