हायब्रीड नेपियर, दुसरा उन्हाळा: कांडी स्वस्त, कापणी महाग

कापणारा गडी परवा विळा ठेवून निघून गेला, म्हणून लिहायला बसलो. कारण काय, तर नेपियर या चाऱ्याच्या गवताच्या पानांवरची लव! हात, मान लालेलाल, रात्रभर खाज. "पूरी बाँह की कमीज़ दिलाओ, नहीं तो पचास बढ़ाओ." पन्नास वाढवले. शर्टही द्यावा लागला.

ग्वाल्हेरकडच्या डबरा गावाच्या बाजूला आमच्या म्हशी आहेत, त्यांच्यासाठी एक एकर लावलं. ९० बाय ६० सेंटिमीटरवर एकरी साधारण ७,५०० कांड्या, दोन रुपये भावाने १५,००० रुपये. गोणीत निम्म्या वाळलेल्या निघाल्या; "बदलून देतो" म्हणणाऱ्याने पुढे फोनच उचलला नाही. रिकाम्या राहिलेल्या जागा आमच्याच ठोंबांच्या कांड्यांनी भरल्या.

लागण चार वर्षं धरली तर कांडीचा खर्च दिवसाला दहा रुपये. सगळे याच आकड्यावर भाळतात. पण रोज कापा, वाहा, कुट्टी करा, याचे आता दोनशे जातात. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. त्या मसाल्यातला पाव हिस्सा नुसत्या लवेचा!

आणि एकरी टनांच्या बढाया मारणाऱ्यांनी त्यात पाणी किती तेही सांगावं. हिरव्या नेपियरमध्ये ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच. क्विंटलभर वाहून आणलं की कोरडा चारा वीसेक किलो. प्रथिनं त्यातली ८-१० टक्के, म्हणजे मोहरीची पेंड काही सुटत नाही.

जानेवारीत तर उपटायचंच ठरवलं होतं. पारा १५ च्या खाली उतरला की या गवताची वाढ थांबते, आणि ग्वाल्हेरची थंडी काय असते ते सांगायला नको. ठोंब नुसते बसून. तेव्हा बरसीम या हिवाळी चाऱ्याने तारलं: एकरी १० किलो बी, प्रथिनं जवळपास दुप्पट, आणि लव नाही.

पण मे उजाडला. बरसीम संपलेलं, बाहेर ४५ अंश, आणि पाणी मिळताच नेपियर दीड महिन्यात पुन्हा माणसाएवढं उंच. यंदा उन्हाळ्यात दूध गेल्या सालाइतकं उतरलं नाही, हे हिशेबाच्या वहीतच दिसतंय. तेव्हा उपटणं रद्द.

निम्मा एकर ठेवतोय, उरलेल्यात हिवाळ्यात बरसीम. एप्रिल-मेत विहिरीला पाणी नसेल त्यांनी या फंदात पडू नये. झाशीची चारा संशोधन संस्था इथून लांब नाही. बिनलवेची जात कुठली, ते आता तिथेच जाऊन विचारणार.