दर महिन्याला रिंग बदलणारा फिश टँकवाला

परभणीतल्या एका घरात तीन फुटी टँक होता. साधारण १५० लिटर पाणी, वर टॉप फिल्टर, आत एंजल आणि गुरामी. मेंटेनन्सवाला महिन्यातून एकदा यायचा. फिल्टरमधल्या जुन्या सिरॅमिक रिंग (भाजक्या मातीची सच्छिद्र नळकांडी) काढून पाकिटातल्या नव्या भरायचा, स्पंज अंगणातल्या नळाखाली पांढरा होईपर्यंत धुवायचा आणि जाताना ‘बॅक्टेरिया’ची बाटली ओतायचा. चार-पाच दिवसांनी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागायचे, दोन-तीन मरायचे. फोन केला की तोच माणूस निळं औषध आणि नवे मासे घेऊन हजर. ही लबाडी आहे हे घरच्यांच्या ध्यानात येणं अवघडच होतं, कारण टँक तर चकाचक दिसायचा. हाच धंदा मराठवाड्यात इतर गावांतही चालू शकतो, म्हणून तो उलगडून सांगतो.

खरी फसवणूक बिलाच्या आकड्यात नाही, नव्या रिंगांत आहे. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. रिंगच्या बारीक छिद्रांत चिकटून बसलेले नायट्रोसोमोनास जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना मारक. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पाणी बदललं की निघून जातं. ही वसाहत शून्यापासून उभी राहायला ४ ते ६ आठवडे लागतात. दर ४ आठवड्यांनी ती उचलून नेली तर टँक जन्मभर नवाच राहणार. वर ते निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्ल्यू, उरलेसुरले जीवाणूही मारतं. मग मासे मरणं आपोआप ठरलेलं, आणि नव्या माशांची विक्रीही.

आपल्याकडे हा खेळ जास्त झोंबतो. मराठवाड्यातलं बोअरचं पाणी बेसॉल्टमधून येतं, बहुतेक ठिकाणी जड असतं आणि त्याचा पीएच ८ च्या आसपास जातो. ३० अंश तापमान आणि ८ पीएच असताना एकूण अमोनियातला सुमारे ७ टक्के भाग विषारी रूपात असतो; पीएच ७ असता तर हाच भाग १ टक्क्याच्याही खाली राहिला असता. त्यातून गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. दुकानदार नुसती पीएचची पट्टी बुडवून “पाणी ओके आहे” म्हणाला तर समजायचं, त्याने काहीच तपासलेलं नाही. अमोनिया आणि नायट्राइटचं थेंबांचं टेस्ट किट स्वतःकडे ठेवा. दोन्ही आकडे शून्य हवेत.

सिरॅमिक रिंगला मुदत नसते. ठिसूळ होऊन भुगा पडायला लागला तर बदला, तोवर त्याच वर्षानुवर्षं चालतात. महिन्याच्या आसपास बदलायचा तो कार्बन, म्हणजे फिल्टरमधला काळा कोळसा, कारण त्याची शोषण्याची ताकद संपते. आणि रोजच्या वापराला कार्बन लागतोच असंही नाही. फ्लॉस, म्हणजे तो पांढरा कापूस, मळला की खुशाल टाका.

बनावट रिंगही भरपूर खपतात. वरून झिलई दिलेली, आत छिद्रंच नसलेली भाजकी माती. कोरड्या रिंगवर पाण्याचा थेंब सोडा: चांगली रिंग तो पिऊन टाकते, बनावटीवरून तो ओघळतो. खात्री हवी असेल तर १०० ग्रॅम कोरड्या रिंग रात्रभर पाण्यात ठेवा, वरचं पाणी टिपून पुन्हा वजन करा. ५-१० ग्रॅमही वाढ नसेल तर माल परत. व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फेस आला तर त्यात चुना आहे, म्हणजे आधीच जड असलेलं पाणी आणखी जड होणार. ‘लाव्हा रॉक’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या दगडालाही हीच परीक्षा लावा. आपल्याकडच्या सच्छिद्र काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पुष्कळदा कॅल्साइट भरलेलं सापडतं.

आता बाटली. अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू बीजाणू, म्हणजे उन्हातान्हात तग धरणारं सुप्त रूप, बनवत नाहीत, त्यामुळे मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात उकडलेली बाटली मेलेलीच असण्याची शक्यता जास्त. स्वस्त बाटल्यांत बहुधा बॅसिलस असतो. तो गाळ खातो, पण अमोनियाचं हे काम त्याच्याकडून होत नाही. तपासायचं तर १ ग्रॅम शुद्ध नवसागर (अमोनियम क्लोराइड) १०० मिली पाण्यात विरघळवा. १० लिटर क्लोरीनमुक्त पाण्याच्या दोन बादल्या घ्या, प्रत्येकीत हे द्रावण ६ मिली टाका. अमोनिया २ पीपीएमच्या, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या जवळ येईल. दोन्हीत मूठभर नव्या रिंग आणि एअर स्टोन, म्हणजे पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा दगड. बाटलीतलं औषध एकाच बादलीत, लेबलवरच्या प्रमाणात. दुसरी बादली यासाठी की हवेच्या बुडबुड्यांनी थोडा अमोनिया तसाही उडून जातो. रोज मोजा. आठवडा झाला तरी दोन्ही बादल्यांत सारखाच आकडा आणि नायट्राइट-नायट्रेटचा पत्ता नाही, तर तुम्ही रंगीत पाणी विकत घेतलंत.

धुणं घरच्या घरी अर्ध्या तासाचं काम आहे. फिल्टरचा प्लग काढा. टँकमधलंच ८-१० लिटर पाणी टबात घ्या, स्पंज त्यात तीन-चार वेळा पिळा. रिंग फक्त गाळाने चोंदल्या असतील तरच त्याच पाण्यात हलक्या हाताने हलवा, त्याही एका वेळी निम्म्याच. उरलेल्या ३-४ आठवड्यांनी. तपकिरी रंग राहिला तर राहू द्या. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यात धुतलं की त्यातली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जीवाणूंवरच काम करते. टँकमध्ये नवं पाणी भरतानाही आधी हायपो (क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट) टाका: १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम. आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावांत हौदात साठवलेलं पाणी क्लोरीनमुक्त असेल असं गृहीत धरू नका, कारण हौदातही टीसीएल टाकलेली असू शकते.

कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, असेल तर लोडशेडिंगचं वेगळं दुखणं आहे. काही तास बंद राहिला की आतला ऑक्सिजन संपतो, जीवाणू मरायला लागतात आणि फार वेळ गेला तर सडक्या अंड्यासारखा वासही येतो. लाइट आल्या आल्या तो तसाच सुरू करू नका, आतलं पाणी ओतून द्या. इन्व्हर्टर नसेल तर निदान बॅटरीवरचा एअर पंप टँकला लावा.

रिंग आधीच बदलल्या गेल्या असतील तर खाणं २-३ दिवस बंद, रोज ३० टक्के पाणी बदल, आणि ओळखीतल्या निरोगी टँकमधला जुना स्पंज मागून आणून फिल्टरमध्ये ठेवा. एवढ्यानेही बराच फरक पडतो. मेंटेनन्सवाल्याला काढलेल्या रिंग नेऊ देऊ नका. “टाकून देतो” म्हणाला तरी त्या टँकच्या पाण्यात बुडवून, हवा सोडून तुमच्याच घरी राहू द्या, कारण परत फिल्टरमध्ये घालायच्या त्याच आहेत.

बिल मागा आणि त्यावर काय बदललं ते लिहून घ्या: ‘रिंग, ५०० ग्रॅम’, ‘बॅक्टेरिया, १ बाटली’, बॅच नंबर, मुदत. बिल द्यायला कां-कूं करत असेल तर पुढच्या महिन्यापासून बोलावू नका. पैसे अडकले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. बादल्यांच्या चाचणीचे तारीखवार आकडे आणि फोटो तक्रारीला जोडा.